खोलीत एकटं पडल्यावर विश्वास कसा धरून ठेवायचा

परवा रात्री भाच्याचा फोन आला. पुण्यात असतो, तिघं पोरं मिळून एक फ्लॅट, ह्याचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तशी बाकीची दोघं बॅगा उचलून आपापल्या गावी पळाली आणि हा एकटाच राहिला. ताप फार नाही पण आवाज पार बसलेला. म्हणतो, "मामा, तू एकवीस साली चौदा दिवस वरच्या खोलीत कसे काढले रे? मला तर दुसऱ्याच दिवशी घर खायला उठलंय, प्रार्थनेला बसतो तर शब्दच येत नाहीत." त्याला तेव्हा जमेल तसं सांगितलं पण फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो, आणि लिहितोच आहे तर त्याच्यासारख्या अजून कोणाच्या कामाला आलं तर बरंच आहे.

आधी सांगून टाकतो, मी पाळक नाही, बायबल कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, धुळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं. मूळ गाव नवापूर तालुक्यात, जन्म चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलचा, माय अजून मावची बोलते आणि मी वाढलो धुळ्यात म्हणून माझ्या तोंडात अहिराणी. चर्च घरात आजोबांपासून आहे. तर हे जे लिहितोय ते एका कारागीर माणसाचं समजून वाचा, काय जोडलं तर चाललं आणि काय जोडलं तर जळालं एवढंच मला सांगता येतं.

माझा रिपोर्ट आला ३ एप्रिल २०२१ ला, शनिवारी. आदल्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झालेला आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. बायकोने पोरांचे नवे कपडे इस्त्री करून ठेवलेले आणि मी वर पत्र्याच्या खोलीत, गादी, पाण्याची कळशी, मोबाईलचा चार्जर आणि बायबल घेऊन. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की हा मधला शनिवार आपण कधी पाळलाच नाही. शुक्रवारी रडतो, रविवारी पहाटे गातो, शनिवारी घर झाडतो आणि बाजार करतो. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, पण त्या दिवसाबद्दल जवळपास काही नाही. मत्तय सांगतो की कबरेवर शिक्का मारला आणि पहारा बसवला, लूक सांगतो की बायकांनी आज्ञेप्रमाणे विसावा घेतला, बस. येशू कबरेत आहे, शिष्यांना रविवार माहीतच नाहीये, आणि देव काहीच बोलत नाही. आयसोलेशन म्हणजे तोच दिवस लांबवलेला आहे असं मला वाटलं आणि अजून वाटतं. लोक चुकतात ते इथे, शनिवारी बसून रविवारचा आनंद ओढूनताणून आणायला बघतात, मग तो येत नाही आणि वाटतं आपला विश्वासच खोटा. भाच्याचं पण तेच चाललंय.

तर पहिलं काम प्रार्थना नाही, अंगाकडे बघणं. बायबलातलं १ राजे, अध्याय १९ वाचा. एलिया झुडपाखाली बसून देवाला म्हणतो आता पुरे झालं, माझा जीव घे. एवढा मोठा संदेष्टा. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून झापत पण नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो आणि म्हणतो ऊठ, खा. हा खातो, परत झोपतो. परत उठवतो, परत खाऊ घालतो. देवाचं बोलणं त्याच्यानंतर खूप पुढे, चाळीस दिवस चालून गेल्यावर. म्हणून भाच्याला सांगितलं आधी जेव, झोप, भिंतीवर एक कागद चिकटव, त्याच्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिमीटरचा आकडा लिही. आकडा ९४ च्या खाली गेला किंवा धाप लागली तर वचन उघडत बसायचं नाही, डॉक्टरला फोन. डॉक्टरला फोन करणं हा अविश्वास नाही, ते पण हातपाय देवानेच दिलेत.

जेवणाचं म्हणाल तर माझा वासच गेला होता. बायकोने तिसऱ्या दिवशी फुनके आणि कढी पाठवली, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, खलबत्त्यात कुटलेला, जो जिन्यातून वर येताना आख्ख्या गल्लीला ठसका लागतो, आणि मला काही नाही. ताट नाकाला लावलं तरी काही नाही. त्या दिवशी मी खरा रडलो, रिपोर्ट आला तेव्हा नव्हतो रडलो. वर पत्रा तापलेला, धुळ्याचं एप्रिलचं ऊन काय असतं ते सांगायला नको, पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलेलं दहा मिनिटात वाळायचं, कूलर खाली पोरांना दिलेला. असल्या खोलीत बसून आनंद करा म्हणणारे मेसेज वाचले की डोकं फिरायचं.

आणि इथून खरी दुसरी गोष्ट सुरू होते, तक्रार करायची. देवाकडेच. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की प्रार्थनेत आधी स्तुती, मग उपकार, मग पापांची कबुली, मग मागणी, अर्ज लिहिल्यासारखं, सविनय नम्र. ठीक आहे, चर्चमध्ये ठीक आहे. पण स्तोत्रसंहिता उघडून बघा, दीडशेतली कितीतरी स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनात चार वेळा देवाला विचारलंय की किती वेळ, अजून किती वेळ. अठ्ठ्याऐंशीवं तर असं आहे की ते शेवटी पण सुधारत नाही, अंधारातच संपतं. मला आधी ते स्तोत्र आवडायचं नाही, वाटायचं हे छापलंच कशाला. पाचव्या रात्री अडीच वाजता, शेजारच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स येऊन गेल्यावर, तेच वाचलं आणि वाटलं, बरं झालं छापलं. कोणीतरी असं वाटत असताना पण देवाशीच बोलत होता, भिंतीशी नाही, एवढं मला पुरलं.

कसं करायचं तर सोपं आहे. एक वही घ्यायची. तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचायचं, मग त्या चार "किती वेळ" च्या खाली आपले चार लिहायचे. माझे असे होते, किती दिवस दुकान बंद, किती दिवस पोरीला लांबून बघायचं, किती दिवस हा पत्रा, आणि चौथा लिहिताना हात थांबला, किती दिवस तू गप्प बसणार. लिहून टाकला. काही वीज पडली नाही. आणि हे आपल्या बोलीत करायचं, हे महत्वाचं आहे. मी चाळीस वर्षं पुस्तकी मराठीत प्रार्थना केली, "हे दयाळू स्वर्गीय पित्या" वगैरे, त्या रात्री तोंडातून निघालं "देवा, मी थकी गऊ, आते तूच देख." बस एवढीच प्रार्थना. तिच्यात स्तुती नाही, आमेन पण म्हणालो नाही बहुतेक, पण इतकी खरी प्रार्थना मी त्याआधी केली नव्हती. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडता त्या भाषेत देवाशी बोलायचं.

वेळेचं सांगतो. खोलीत वेळ सांडून जाते, दुपारी झोपतो, रात्री जागतो, मोबाईल बघत बघत तीन वाजतात. दानिएल परदेशात होता, वरून प्रार्थनेवर बंदी आली तरी तो घरी जाऊन माडीवरच्या खोलीत, यरुशलेमकडे उघड्या असलेल्या खिडकीत, दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा, आधी करायचा तसाच. दानिएल सहावा अध्याय. ती माडीवरची खोली आणि खिडकी वाचून मला हसूच आलं, माझ्याकडे दोन्ही होतं, फक्त माझी खिडकी यरुशलेमकडे नाही तर शेजाऱ्याच्या काळ्या टाकीकडे आणि एका कडुनिंबाकडे उघडायची. मी तीन वेळा ठरवल्या, पहाटे पाच, दुपारी एक, रात्री नऊ. प्रत्येक वेळी खिडकीपाशी उभं राहायचं किंवा जमेल तसं बसायचं, आणि जास्तीत जास्त दहा मिनिटं. दहाच. अंगात ताप असताना तीन-तीन तास उपवास-प्रार्थना करायच्या फंदात पडू नका, आणि उपवास तर अजिबात नाही, एलियाचं वर सांगितलं आहे. वाटो न वाटो, वेळ झाली की खिडकीशी जायचं. मोटार बांधताना पण असंच असतं, एक एक वेटोळं मोजून घालायचं, मूड आहे की नाही कोणी विचारत नाही.

वाचायला काय घ्यायचं हे भाच्याने खास विचारलं. मी सांगेन मार्क. सगळ्यात छोटं शुभवर्तमान, सोळा अध्याय, दिवसाला एक म्हटलं तरी आयसोलेशन संपता संपता जवळपास होऊन जातं, आणि त्याच्यात येशू सतत कुठेतरी चाललेला आहे, खोलीत बसलेल्या माणसाला ते बरं वाटतं. एकच अध्याय पण मोठ्याने, आवाज बसला असेल तर पुटपुटत. पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येतो, त्या काळच्या नियमाने गावाबाहेर राहणारा, ज्याला कोणी हात लावायचं नाही, आणि येशू आधी त्याला हात लावतो. चौदा दिवस ज्याला कोणी शिवलेलं नाही त्याने ते वचन वाचून बघावं म्हणजे कळेल मी काय म्हणतो. चौथ्यात वादळ आहे आणि येशू नावेत उशी घेऊन झोपलाय. २७ मार्च २०२० ला पोप फ्रान्सिस यांनी पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात एकट्याने उभं राहून ह्याच उताऱ्यावर सांगितलं होतं. आम्ही काही कॅथलिक नाही पण तो व्हिडिओ मी तेव्हा दोन-तीनदा बघितला, एवढ्या मोठ्या चौकात एक म्हातारा माणूस आणि कोणी नाही. आणि शेवटचा, सोळावा अध्याय. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनालाच संपतो, कबर रिकामी आहे, बायका थरथरत पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. तिथेच संपतं. म्हणजे पुनरुत्थान झालंय आणि माणसं अजून घाबरलेलीच आहेत, दोन्ही एकाच वेळी खरं. मला हा शेवट फार जवळचा वाटतो, पुढची वचनं ज्यांना आवडतात त्यांनी ती पण वाचावीत, माझं काही भांडण नाही.

आता एक भांडणाची गोष्ट. एक्क्याण्णवावं स्तोत्र. २०२० च्या मार्चपासून ते प्रत्येकाच्या मोबाईलवर आलं असेल, मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही, हजारो पडतील पण तुला काही होणार नाही, अकरा जणांना पाठवा. काही घरांनी दारावर चिकटवलं. सुंदर स्तोत्र आहे, मला पाठ आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, शुभवर्तमानात हे स्तोत्र तोंडावर घेऊन येतो कोण? सैतान. मत्तय चौथा अध्याय. मंदिराच्या शिखरावर येशूला उभं करून म्हणतो, मार उडी, लिहिलेलंच आहे की देवदूत तुला झेलतील. आणि येशू म्हणतो देवाची परीक्षा पाहू नकोस. म्हणजे तेच वचन, पण ताईत म्हणून वापरलं की कोणाचं होतं ते बघा. मास्क काढून उडी मारायची आणि मग देवाने झेलायचं, हा विश्वास नाही. एका प्रचारकाचा व्हिडिओ आमच्या गावाकडे फिरत होता, लस घेणारा विश्वासात कच्चा म्हणून, आमच्या नात्यातली दोन म्हातारी माणसं त्याच्यामुळे कितीतरी दिवस लस घ्यायला तयार होईनात. नाव घेत नाही. पण त्यापेक्षा १५२७ ला विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथरने काय केलं ते बघा, तो गाव सोडून गेला नाही, आजाऱ्यांना घरात ठेवलं, आणि पत्रात लिहिलं की औषध घ्या, घराला धुरी द्या, आपली गरज नसेल तिथे उगाच जाऊ नका म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायची नाही. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी.

आशा म्हणजे "मला काही होणार नाही" ही खात्री असं जर धरलं तर पहिल्या तापाला ती तुटते. मला झालं की. ज्यांनी ते स्तोत्र मला फॉरवर्ड केलं त्यांच्यातल्या पण कितीतरी जणांना झालं. मग काय, देव खोटा? मला आशेचं चित्र विचाराल तर मी आमच्या नंदुरबारचं सांगेन. पहिली लाट ओसरली, देशभर लोकांना वाटलं संपलं, तेव्हा तिथले कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, आमच्याच साक्री तालुक्यातले भिल्ल समाजातले, त्यांनी ऑक्सिजनचे प्लांट बसवून ठेवले. दुसरी लाट आली तेव्हा मोठमोठी शहरं सिलेंडरसाठी रडत होती आणि आमच्या ह्या मागास म्हणवणाऱ्या जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. उत्पत्तीमधला योसेफ आठवतो, सात वर्षं सुकाळात धान्य भरून ठेवणारा. ज्याला वाटतं की उद्या आहे तोच आज काहीतरी बसवून ठेवतो. आम्ही खोलीत प्लांट काय बसवणार, पण त्या दहा मिनिटांच्या तीन वेळा म्हणजे तेच आहे थोडंफार.

माणसांचं आता. मंडळी पाहिजे, आणि मंडळी म्हणजे आमच्यात चर्च, बायको नाही, ती तर होतीच जिन्याच्या खाली. चर्च बंद, झूमवर उपासना, पण गावाकडे रेंज नाही, पाळकसाहेब अर्ध्या वचनात गोठलेले, एकाचा माइक चालू त्याच्या घरातलं मिक्सर सगळ्यांना ऐकू येतंय, आणि आमेन तर वीस जणांचं वीस वेळेला. मला त्यातून फार काही मिळालं नाही, खरं सांगतो. मिळालं ते साध्या फोनवरून. रात्री नऊला मी मायला नवापूरला फोन लावायचो, आधी ती कोरोनाची कॉलर ट्यून, मग माय. ती वाचू शकत नाही, तिला पाठ असलेलं तेविसावं स्तोत्र म्हणायची, मी मागून म्हणायचो, संपलं. चार मिनिटं. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे असं येशूने सांगितलंय, मोबाईलवर जमलेले चालतात की नाही हे त्याला विचारायचं राहिलं पण चालत असावेत.

तर एक माणूस ठरवा. एकच, पण रोज, ठरलेल्या वेळी. दहा जणांचा ग्रुप नको, तिथे कोणी गेल्याच्या बातम्या आणि काढ्याच्या रेसिपी येतात. बातम्या मी दिवसातून दोनदाच बघायच्या ठरवल्या, तीनदा बघितल्या जायच्या, असो. आणि त्या माणसाला "मी ठीक आहे, प्रभूची कृपा" एवढं सांगून फोन ठेवायचा नाही, ही आपल्या लोकांची वाईट खोड आहे, आपण साक्ष द्यायला शिकलोय आणि दुखतंय ते सांगायला नाही. एलियासारखा जीव नकोसा वाटायला लागला तर लगेच सांगायचं, घरच्यांना, पाळकांना, डॉक्टरांना. कोणी नसेल तर १४४१६ वर टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तिथे फोन केल्याने कोणी चर्चमधून नाव काढत नाही.

दुसरं असं की दुसऱ्याचा फोन नुसता घ्यायचा नाही, करायचा पण. मी कागदावर नऊ नावं लिहून खिडकीच्या चौकटीला लावली, आमच्या चर्चमधल्या एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या, सुरतला अडकलेला चुलतभाऊ, ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेलं एक कुटुंब, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाला जो रोज शंभर माणसांच्या समोर उभा होता, तो काही ख्रिस्ती नाही पण नाव लिहायला काय जातं. दुपारच्या एकच्या वेळेला त्या नावांसाठी प्रार्थना आणि त्यातल्या एकाला फोन. एका म्हातारीचा रिचार्ज संपला होता, तो मी गादीवर पडल्या पडल्या मारला, त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं गोळीने पण वाटलं नाही. समोरचे जिभाऊ गच्चीवरून रोज ओरडून विचारायचे, "काय भो, कसं काय शे?" मी हात हलवायचो. त्यांचं नाव दहावं लिहिलं.

गाणं म्हणाल तर खोकला असेपर्यंत नाही जमत, मी ढोलकीचा ठेका बादलीवर धरायचो हळूच. प्रभुभोजन घरी घ्यायचं की नाही ह्याच्यावर प्रत्येक चर्चचं वेगळं आहे, आपल्या पाळकांना नाहीतर फादरना विचारा, मी त्यात पडत नाही.

नवव्या दिवशी मोठे काका गेले. दवाखान्यात होते, कोणत्या ते सोडा, आम्हाला कळवायला त्यांनी फार उशीर केला, त्याचा राग अजून आहे. ज्यांनी मला सायकल शिकवली, पहिला नवा करार हातात दिला, त्यांना माती द्यायला मी नाही. हे जर तुमच्यावर आलं तर काय करायचं ह्याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही, मी काय केलं तेवढं सांगतो. चुलतभावाने कबरस्तानात फोन स्पीकरवर ठेवला. वाऱ्याचा आवाज, पाळकसाहेबांचे तुटक तुटक शब्द, मग फावड्याचा आवाज. माझ्या खिडकीत मिरचीच्या रोपाची एक कुंडी होती, तिच्यातली मूठभर माती घेतली, काकांचं नाव मोठ्याने घेतलं आणि खिडकीतून खाली सोडली. मग रडलो. पौल थेस्सलनीकरांना लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, लोक त्यातलं "शोक करू नका" एवढंच ऐकतात. लाजर नावाच्या आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेवर येशू रडला, आणि त्याला तर माहीत होतं की पाच मिनिटांनी लाजर बाहेर येणार आहे. तरी रडला. तर तुम्ही रडा, आणि कोणी येऊन लगेच "ते चांगल्या ठिकाणी गेले" म्हणालं तर फोन नंतर करतो म्हणून सांगा. मोकळे झालात की कबरेवर जाऊन या, आम्ही पावसाळ्याच्या तोंडाला गेलो, सगळी भावंडं, बसून भजनं म्हटली, राहिलेलं तेव्हा झालं.

त्या रात्री नऊच्या वेळेला योहान विसावा अध्याय उघडला होता, ठरवून नाही, ईस्टरचा म्हणून तिथे खूण होती. शिष्य भीतीने दारं लावून आत बसलेत. आधी मी हे वाचायचो तेव्हा येशूच्या येण्याकडे लक्ष असायचं, त्या दिवशी दारांकडे गेलं. त्याने दार उघडा म्हटलं नाही, घाबरट म्हटलं नाही, बंद दारातूनच आत येऊन मध्ये उभा राहिला आणि म्हणाला तुम्हांला शांती असो, आणि हात दाखवले, जखमा असलेले. आणि गंमत म्हणजे आठ दिवसांनी परत तेच, तो येऊन गेलाय, ह्यांनी डोळ्याने बघितलाय, तरी दारं परत बंदच. तो परत आला. माझी चिडचिड, माझी भीती, पाचव्या दिवशी आशा वाटली आणि सहाव्या दिवशी गेली असं जे चाललेलं त्याची मला लाज वाटायची, ती त्या दिवसापासून कमी झाली. भाच्याला पण हेच सांगतोय की आज बरं वाटलं, उद्या परत दार लावून बसलास तर ते काही पहिल्यांदा घडलेलं नाही.

अजून एक आठवण सांगतो, ती आदल्या वर्षीची आहे. ५ एप्रिल २०२०, झावळ्यांचा रविवार, म्हणजे येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन होसान्ना म्हणत स्वागत केलं त्याच्या आठवणीचा, आणि त्याच दिवशी रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावायचे होते सगळ्या देशाने. माय तेव्हा लॉकडाऊनमुळे आमच्याकडेच अडकली होती. अख्खी गल्ली गच्चीवर, कोणाची पणती, कोणाचा मोबाईलचा टॉर्च, कोणी ताट वाजवतंय, ते आधीचं होतं पण वाजवतंय. आणि माय एका हातात पणती आणि एका हातात शिंदीची झावळी घेऊन वर आली, कुठून आणली देव जाणे, आणि हळू आवाजात होसान्ना म्हणत उभी राहिली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या हे काय, माय म्हणाली आमची वारी आहे आज, घरातच. वर्षभराने त्याच गच्चीच्या खोलीत मी पडलेला असताना ती झावळी कोपऱ्यात वाळून पडलेली सापडली, मी तिने माश्या वारायचो.

चौदा दिवसांनी खाली उतरलो तेव्हा काही प्रकाश वगैरे पडला नाही. पाय लटपटत होते, पोरगी लांब उभी राहिली, तिला सवयच लागलेली लांब राहायची. दुकान उघडायला अजून खूप दिवस गेले. पण पहाटे पाच आणि रात्री नऊ राहिलं, दुपारचं सुटलं, दुकानात जमत नाही. खोलीतून बाहेर आल्यावर सगळं सोडून देऊ नका एवढं सांगेन, एक तरी वेळ ठेवा, कारण थकवा नंतर पण राहतो आणि उदासी कधीकधी तेव्हाच येते, सगळे म्हणतात आता बरा झालास ना आणि आपल्याला आतून तसं वाटत नाही.

भाच्याचा आज चौथा दिवस. काल रात्री नऊला फोन लावला, तेरावं स्तोत्र त्याने वाचलं, त्याचे चार "किती वेळ" काही मला सांगितले नाहीत, नको सांगू म्हटलं. मग विचारलं वास येतोय का. म्हणतो, "कशाचा घेऊ मामा, इथे डब्यात रोज बटाट्याची पिवळी भाजी येते." बायकोने ऐकलं. आज दुपारी तिने ठेचा कुटला, आख्ख्या गल्लीला ठसका, बरणी फडक्यात बांधून संध्याकाळच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली आहे. वॉचमनला सांगून ठेवलंय की दारात ठेव आणि बेल वाजवून बाजूला हो.